सॅनिटायझरचे बदल रिलीज नोट्समध्ये कुठे आणि कोणत्या क्रमाने लिहावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक टीम एलएलव्हीएमवर (कंपायलर बांधण्यासाठीचा खुला पाया) उभा केलेला स्वतःचा कंपायलर सांभाळते आणि वर्षातून दोनदा नवी आवृत्ती काढते. ॲड्रेस, थ्रेड, मेमरी, अनडिफाइन्ड बिहेवियर अशा सॅनिटायझरांमधले (प्रोग्राम चालताना त्यातल्या चुका पकडणाऱ्या साधनांमधले) बदल त्यांच्या नोट्समध्ये चार ठिकाणी विखुरतात. काही ‘नवे पर्याय’खाली, काही ‘ऑप्टिमायझर’खाली, काही ‘दुरुस्त केलेले बग’मध्ये, उरलेले ‘इतर’मध्ये. यासाठी स्वतंत्र विभाग करावा का? केला तर आतली मांडणी सॅनिटायझरनुसार करावी की बदलाच्या प्रकारानुसार?

मी चौदा वर्षे टूलचेनचे काम करते आहे आणि त्यातली बरीच वर्षे नोट्सचा शेवटचा मसुदा माझ्या हातून गेला आहे. विभाग स्वतंत्र करा. आतला क्रम मात्र सॅनिटायझरच्या नावाने लावू नका आणि बदल कोडच्या कुठल्या भागात झाला त्यानेही लावू नका. नवी आवृत्ती बसवल्यावर वाचणाऱ्याच्या टेस्टमध्ये काय वेगळे दिसेल, त्यानुसार लावा. ज्या बदलामुळे काल हिरवी असलेली टेस्ट आज लाल होईल तो सगळ्यात वर.

असे का, ते नीट सांगायला हवे, कारण कंपायलरच्या इतर बदलांना हा नियम इतका काटेकोरपणे लागू पडत नाही.

ऑप्टिमायझर सुधारला तर प्रोग्राम थोडा जलद चालतो आणि वाचणाऱ्याला काही करावे लागत नाही. नवी वॉर्निंग आली तर ती कंपाइल करतानाच येते, फाइल आणि ओळ दाखवते, आणि ज्याने आवृत्ती बदलली त्याच्याच डोळ्यांसमोर येते. सॅनिटायझरची सुधारणा तशी येत नाही. ती प्रोग्राम चालताना, ठरावीक इनपुट मिळाल्यावर, बहुतेकदा रात्रीच्या बिल्डमध्ये आणि कितीतरी वेळा दुसऱ्याच टीमच्या लायब्ररीत उगवते. आमच्या बाजूने जी सुधारणा असते ती समोरच्याकडे पडलेली टेस्ट होऊन पोहोचते. ज्याच्या पदरी ती येते त्याला कंपायलर बदलला हे बऱ्याचदा माहीतही नसते. आपला कोड महिनाभर बदललेला नाही एवढे त्याला माहीत असते, म्हणून तो कंपायलरवर संशय घेतो. त्यात त्याची काही चूक नाही.

म्हणजे या विभागाचा खरा वाचक नोट्स सुरुवातीपासून वाचणारा माणूस नाही. टेस्ट पडल्यानंतर, रिपोर्टमधले चार शब्द घेऊन नोट्समध्ये शोध मारणारा माणूस हा त्याचा वाचक. माझ्या मांडणीतले बाकी सगळे या एका गोष्टीतून निघते.

हे मी ज्या प्रसंगातून शिकले तो सांगते. आमच्या कंपायलरचा पाया आम्ही एलएलव्हीएम १५ वरून १६ वर नेला होता. १६ मध्ये मेमरी सॅनिटायझरचा एक डिफॉल्ट बदलला. त्याआधी, किंमत न भरलेले व्हेरिएबल एखाद्या फंक्शनला पाठवले किंवा फंक्शनने परत दिले, तर सॅनिटायझर लगेच बोलत नसे. ‘ही किंमत भरलेली नाही’ ही खूण तो थ्रेडच्या खास जागेत ठेवून पुढे नेई, आणि त्या किमतीवर एखादी इफ-अट किंवा मेमरीचा पत्ता अवलंबला की मगच रिपोर्ट देई. १६ पासून तो फंक्शनच्या उंबरठ्यावरच तपासतो. बदल चांगला आहे: चूक उगमाजवळ पकडली जाते, खूण वाहून नेणारा कोड कमी होतो आणि बायनरी लहान होते. पण परिणाम असा, की जी किंमत पाठवली जात होती पण पुढे कधी वापरलीच जात नव्हती, त्याबद्दलही आता रिपोर्ट येऊ लागले. आमचा कंपायलर वापरणाऱ्या एका टीमच्या टेस्ट एका रात्रीत धडाधड पडल्या. त्यांचे दोन अनुभवी इंजिनिअर तीन दिवस आमच्या कोड जनरेटरमधला बग शोधत राहिले. त्याबद्दलची ओळ आमच्या नोट्समध्ये होती. ‘इतर’ या शीर्षकाखाली, बऱ्याच खाली, फक्त पर्यायाच्या नावासह. रिपोर्टमध्ये त्यांना दिसत होता तो एकही शब्द त्या ओळीत नव्हता, मग शोधून सापडणार कसा? ती ओळ मीच तपासून पुढे पाठवली होती. त्या दोघांचे तीन दिवस मला अजून खटकतात.

आता विभागाची जागा. हा विखुरलेपणा तुमच्या टीमचा आळस नव्हे, त्याला इतिहास आहे. गूगलमध्ये कॉन्स्टंटिन सेरेब्रियानी आणि सहकाऱ्यांनी बांधलेला ॲड्रेस सॅनिटायझर २०१२ मध्ये एलएलव्हीएम ३.१ सोबत आला, आणि मार्च २०१३ मध्ये जीसीसी या दुसऱ्या मोठ्या कंपायलरच्या ४.८ आवृत्तीत थ्रेड सॅनिटायझरसह दाखल झाला. जीसीसी ४.८ च्या नोट्स उघडल्यात तर ही दोन्ही साधने ‘ऑप्टिमायझरमधल्या सर्वसाधारण सुधारणा’ या शीर्षकाखाली दिसतील. पुढच्या वर्षी ४.९ मध्ये अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर आला, तोही तिथेच. कंपायलर लिहिणाऱ्याच्या नजरेने ते बरोबरच होते. मेमरीच्या प्रत्येक वाचन-लेखनाआधी तपासणीचा कोड घुसवण्याचे काम ऑप्टिमायझरच्या टप्प्यांमध्येच होते, ते लिहिणारी माणसेही तीच. दोन-तीन नोंदी असेपर्यंत त्याने काही बिघडत नव्हते. आज एकट्या क्लँगमध्ये (एलएलव्हीएमचा सी आणि सी++ कंपायलर) ॲड्रेस, हार्डवेअर-ॲड्रेस, मेमरी, थ्रेड, लीक, अनडिफाइन्ड, १९ मध्ये आलेला न्यूमरिकल, २० मध्ये आलेले रिअलटाइम आणि टाइप अशी मोठी यादी आहे. ऑप्टिमायझरचे शीर्षक आता इतके ओझे पेलू शकत नाही.

क्लँगच्या नोट्समध्ये आता ‘सॅनिटायझर्स’ असे वेगळे शीर्षक असते, ते योग्यच आहे. पण एलएलव्हीएमच्या मूळ नोट्समध्येही ‘सॅनिटायझरमधील बदल’ असे शीर्षक येते, कारण कमांड लाइनवरचा पर्याय क्लँगमध्ये असतो आणि रनटाइम लायब्ररी (प्रोग्राम चालताना लागणारा सॅनिटायझरचा कोड) एलएलव्हीएमच्या कंपायलर-आरटी या भागात. दोन प्रकल्प, दोन कागद. वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते एकच साधन आहे. आपल्याला आलेला रिपोर्ट पर्यायाच्या बदलामुळे आला की रनटाइमच्या, हे त्याने कसे ओळखावे? तुमचे वितरण एकत्र जाते, तर नोंदही एकाच जागी ठेवा. दुसऱ्या कागदात फक्त त्या जागेचा दुवा द्या. दोन्हीकडे थोडे थोडे लिहिणे सगळ्यात वाईट, कारण अर्धी माहिती सापडली की माणूस शोध थांबवतो.

डिफॉल्ट बदलला असेल तर मी एक अपवाद करते. अशी नोंद सॅनिटायझरच्या विभागात पूर्ण लिहायची, आणि नोट्सच्या अगदी सुरुवातीला, जिथे ‘जुना कोड अडू शकेल असे बदल’ असतात तिथे, तिची एक ओळ द्यायची. हे माझ्या अनुभवाने पक्के झालेले मत आहे. नेमके उलट सांगणारे सहकारीही मला भेटले आहेत. ते म्हणतात, सॅनिटायझर म्हणजे टेस्टिंगचे साधन, त्याच्या बदलाने कोणाचे उत्पादन बंद पडत नाही, मग त्याला एवढे वर कशाला न्यायचे? पण ज्या टीममध्ये सॅनिटायझरची टेस्ट हिरवी झाल्याशिवाय नवा कोड मुख्य शाखेत मर्ज होतच नाही, तिथे ती टेस्ट पडली की सगळ्यांचे काम अडते.

आता आतला क्रम. सगळ्यात वर ज्यामुळे नवे रिपोर्ट येतील ते. यात दोन गोष्टी येतात, आणि दुसरी हमखास निसटते.

पहिली म्हणजे बदललेले डिफॉल्ट. एलएलव्हीएम १५ पासून लिनक्सवर, आणि २०२३ मध्ये आलेल्या जीसीसी १३ पासून तिथेही, फंक्शन संपल्यावर त्याच्या स्थानिक व्हेरिएबलला हात लावला तर ॲड्रेस सॅनिटायझर आपोआप पकडतो. आधी ही तपासणी मुद्दाम मागून घ्यावी लागे. दुसरी गोष्ट म्हणजे जुनीच तपासणी, पण रुंदावलेली. क्लँग १० मध्ये पॉइंटर-ओव्हरफ्लोची तपासणी वाढवली गेली, आणि नल पॉइंटरमध्ये शून्य नसलेला आकडा मिळवला तरी ती बोलू लागली. पर्यायाचे नाव तेच, बिल्डच्या फाइलमध्ये एक अक्षर बदललेले नाही, आणि तरी रिपोर्ट नवे. सी भाषेत वर्षानुवर्षे खपून गेलेल्या कितीतरी युक्त्या अशा वेळी एकदम उघड्या पडतात.

कोड लिहिणाऱ्या माणसाला नवा पर्याय मोठा वाटतो. त्याने सहा महिने खपून तो बांधलेला असतो, म्हणून तो वर लिहिला जातो. जुनी तपासणी रुंदावणे हे चाळीस ओळींचे काम, ते खाली जाते किंवा लिहिलेच जात नाही. वाचणाऱ्याच्या बाजूने हे अगदी उलटे आहे. नवा पर्याय मागितल्याशिवाय कोणालाही त्रास देत नाही. रुंदावलेली तपासणी सगळ्यांच्या दारात न विचारता जाते. म्हणून मी रुंदावलेली तपासणी वर घेते आणि नवा पर्याय खाली, मग तो कितीही अभिमानाचा असो. नव्या पर्यायाच्या लेखकाला हे समजावून सांगायला वेळ लागतो. तो वेळ द्यावा. ज्याने काम केले त्याला आपल्या कामाचे कौतुक वरच्या ओळीत हवेसे वाटणे साहजिक आहे, आणि त्यासाठी वेगळा लेख लिहिता येतो.

नोंद कशी लिहावी याचे उदाहरण वरच्याच बदलाचे घेते. बहुतेक ठिकाणी ती अशी येते:

‘ॲड्रेस सॅनिटायझर: स्टॅक-यूज-आफ्टर-रिटर्न आता डिफॉल्ट चालू.’

चूक काहीच नाही, पण अडलेल्या माणसाला उपयोगही नाही. मी ती अशी लिहीन:

‘ॲड्रेस सॅनिटायझर, लिनक्स: फंक्शन संपल्यानंतर त्याच्या स्थानिक व्हेरिएबलचा वापर झाला तर आता आपोआप त्रुटी दिली जाते. रिपोर्टच्या पहिल्या ओळीत “स्टॅक-यूज-आफ्टर-रिटर्न” असे शब्द दिसतील. या तपासणीसाठी स्थानिक व्हेरिएबल्स खऱ्या स्टॅकऐवजी वेगळ्या राखलेल्या जागेत ठेवली जातात, त्यामुळे मेमरी अधिक लागते. स्थानिक व्हेरिएबलच्या पत्त्यावरून रिकर्शनची खोली मोजणारा कोड आणि पॉइंटर शोधण्यासाठी स्टॅक चाळणारे गार्बेज कलेक्टर यांच्यावर परिणाम होऊ शकतो. पुन्हा कंपाइल न करता जुने वर्तन हवे असल्यास एएसएएन_ऑप्शन्स या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये डिटेक्ट_स्टॅक_यूज_आफ्टर_रिटर्न=० द्या.’

(इथे मी नावे देवनागरीत लिहिते आहे. नोट्समध्ये ती कमांड लाइनवर टाइप होतात तशीच, अक्षरशः, असली पाहिजेत. शोध त्यांच्यावरच चालतो.)

नोंद लांबली, हे मान्य. पण तिच्यातले प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर आहे. रिपोर्टमधले शब्द आहेत, म्हणून शोधणारा इथे पोहोचतो. कोणाला झळ बसेल ते आहे, म्हणून बाकीचे निश्चिंत पुढे जातात. गार्बेज कलेक्टरचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. असा कलेक्टर खरा स्टॅक चाळून जिवंत पॉइंटर शोधतो. व्हेरिएबलच तिथून हलले तर त्याला ते दिसत नाही आणि वापरात असलेली वस्तू तो मोकळी करून टाकतो. मग सॅनिटायझर ज्या चुकीचा रिपोर्ट देतो ती मूळ प्रोग्राममध्ये नसतेच. रनटाइममध्ये अशा कलेक्टरांसाठी त्या राखीव जागेची चौकशी करणारे फंक्शन दिलेले आहे. पण ते आहे हे कळणार कुठून? नोट्समधूनच.

आणि परतीची वाट. ती कशी द्यावी यावर टीममध्ये वाद होतात. काहींना वाटते, बंद कसे करायचे ते सांगितले की सगळे बंदच करून ठेवतील. मला हे पटत नाही. परतीची वाट सांगितली नाही तर लोक संपूर्ण सॅनिटायझरच बंद करतात किंवा जुन्या आवृत्तीवर अडून बसतात, आणि त्यात नुकसान जास्त. गो भाषेच्या १.२४ या आवृत्तीत ॲड्रेस सॅनिटायझर लावून केलेला बिल्ड प्रोग्राम संपताना मेमरीची गळतीही डिफॉल्ट तपासू लागला. त्यांच्या नोट्समध्ये काय झाले की त्रुटी येईल आणि ती कोणत्या व्हेरिएबलने थांबवता येईल, हे दोन्ही तिथल्या तिथे दिले आहे.

दुसऱ्या क्रमांकावर मी रनटाइम आणि वितरणाचे बदल ठेवते. यात रिपोर्ट येत नाही, प्रोग्राम सुरूच होत नाही. जीसीसीच्या ॲड्रेस सॅनिटायझरच्या लायब्ररीचा आवृत्ती-क्रमांक जीसीसी ९ सोबत ५ होता, ११ सोबत ६ आणि १२ सोबत ८. जुन्या कंपायलरने बांधलेली बायनरी फक्त नवी लायब्ररी असलेल्या कंटेनरमध्ये टाकली की ती लोडच होत नाही. हा क्रमांक नोट्समध्ये लिहायला एक ओळ पुरते, आणि इमेज तयार करणाऱ्या माणसाची अख्खी सकाळ वाचते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ॲड्रेस सॅनिटायझर २०२१ मध्ये, व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या १६.९ आवृत्तीत, प्रायोगिक अवस्थेतून बाहेर आला. पुढे २०२२ च्या १७.७ मध्ये त्यांनी रनटाइमची स्थिर लायब्ररी काढली आणि प्रोग्राम कसाही लिंक केला तरी एकच डीएलएल लागेल असे केले. आता ज्याची टेस्ट दुसऱ्या मशीनवर चालते, त्याला ती डीएलएल बरोबर न्यावी लागते. हा बदल शोधांच्या गुणवत्तेचा नाहीच, पण तो कळला नाही तर पुढे काहीच होत नाही.

याच गटात एक अशी बाब येते जिच्यात कंपायलरमध्ये काहीच बदललेले नसते. सॅनिटायझर मेमरीच्या पत्त्यांचा मोठा पट्टा स्वतःसाठी ठरवून घेतो. ॲड्रेस सॅनिटायझर प्रत्येक ८ बाइटमागे १ बाइट नोंद ठेवतो, म्हणजे ६४-बिट इंटेल यंत्रावर वापरकर्त्याच्या ४७ बिटांच्या पत्त्यांसाठी सुमारे १६ टेराबाइटचा आभासी पट्टा. तो खरी रॅम खात नाही, पण आभासी मेमरीवर मर्यादा घातलेली असेल तर प्रोग्राम उठतच नाही. लिनक्सवर पत्ते किती विखरावेत हे ठरवणारी कर्नलची सेटिंग काही वितरणांनी २८ बिटांवरून ३२ वर नेली, तेव्हा थ्रेड सॅनिटायझरने बांधलेले प्रोग्राम ‘अनपेक्षित मेमरी मॅपिंग’ असे सांगून सुरुवातीलाच मरू लागले. सेटिंग पुन्हा २८ वर आणणे हा त्यावरचा तात्पुरता उपाय, आणि नव्या रनटाइममध्ये प्रोग्राम स्वतःच पत्ते न विखरता पुन्हा सुरू होतो. आमच्या नोट्समध्ये हे लिहावे की नाही यावर चर्चा झाली, कारण दोष आमचा नव्हता. मी लिहा म्हटले. वाचणारा कारण शोधत असतो, दोष कोणाचा हे त्याला त्या क्षणी नको असते.

नव्या पर्यायांबद्दल फार सांगायचे नाही, एक सोडून. तो पर्याय कोणत्या गटात मोडतो ते पहिल्याच वाक्यात लिहा. बहुतेक लोक एकेक तपासणी निवडत नाहीत, ‘अनडिफाइन्ड’ हा गट लावतात आणि मोकळे होतात. नवी तपासणी त्या गटात असेल तर ती मागितल्याशिवायही लागू होणार, म्हणजे तिची जागा वरच्या भागात. गटात नसेल तर स्वतः मागावी लागणार. जीसीसी ५ मध्ये दशांश संख्येला शून्याने भागण्याची तपासणी आली ती गटाबाहेर. क्लँगमधली चिन्हविरहित पूर्णांकाच्या ओव्हरफ्लोची तपासणी गटाबाहेर आहे, कारण तो ओव्हरफ्लो भाषेच्या नियमांत बसतो. सात वर्षांच्या अनुभवाचा माणूसही मला विचारतो, ‘मी अनडिफाइन्ड लावला आहे, मग हे का नाही सापडले?’ गटाचे नाव नोंदीत असते तर हा प्रश्न आला नसता.

काढून टाकलेले खोटे रिपोर्ट आणि दुरुस्त केलेले बग यांना मी एकेक ओळ देते, पण त्या ओळीत रिपोर्टचे नेमके शब्द असतात. कारण व्यावहारिक आहे. खोट्या रिपोर्टांमुळे लोकांनी सप्रेशनच्या (ठरावीक रिपोर्ट दडपणाऱ्या) फाइली करून ठेवलेल्या असतात. दोष आमच्याकडे दुरुस्त झाला हे त्यांना कळले नाही, तर सप्रेशनची ओळ कायम राहते आणि उद्या त्याच फंक्शनमधली खरी चूक झाकते.

जे सापडत नाही तेही लिहावे. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो जवळजवळ कुठेच नसतो. थ्रेड सॅनिटायझरला ॲटॉमिक फेन्स (थ्रेडांच्या मेमरी-वापराचा क्रम राखणाऱ्या सूचना) नीट समजत नाहीत. जीसीसी ११ मध्ये त्यासाठी वेगळी वॉर्निंगच आली, की फेन्स वापरलात आणि हा सॅनिटायझर लावलात तर खोटे रिपोर्ट येऊ शकतात. मेमरी सॅनिटायझरला सगळा कोड, सी++ ची लायब्ररीसुद्धा, त्याच पर्यायाने बांधलेली लागते, नाहीतर निर्दोष कोडबद्दलही तो ओरडतो. ॲड्रेस, थ्रेड आणि मेमरी हे तिघे एका बायनरीत एकत्र येत नाहीत. ही माहिती मार्गदर्शिकेत असतेच. पण आवृत्ती बदलताना यातली कोणती मर्यादा उठली, कोणती नव्याने आली, ते नोट्समध्ये यायला हवे.

वेग आणि मेमरीचे आकडे देताना जपून. २०१२ च्या मूळ शोधनिबंधात ॲड्रेस सॅनिटायझरमुळे प्रोग्राम सरासरी ७३ टक्के मंदावतो असे दिले होते. क्लँगच्या मार्गदर्शिकेत साधारण दुप्पट वेळ म्हटले आहे, आणि थ्रेड सॅनिटायझरसाठी ५ ते १५ पट वेळ आणि ५ ते १० पट मेमरी. हे सगळे आकडे आपापल्या जागी खरे आहेत. ‘थ्रेड सॅनिटायझर ३० टक्के जलद झाला’ एवढेच लिहिले तर ते कशावर मोजले हा प्रश्न उरतो. कोणता प्रोग्राम, किती थ्रेड, कोणते यंत्र हे लिहिता येत नसेल तर आकडा गाळा. खर्च वाढला असेल तर मात्र आकडा नसला तरी लिहाच, कारण बिल्डच्या यंत्रणेत टेस्टला वेळेची आणि मेमरीची मर्यादा घातलेली असते आणि ती कोणीतरी वाढवावी लागते.

आता हे सगळे गोळा कसे करायचे. कमिटचे संदेश चाळून ते होत नाही, मी ते दोनदा करून पाहिले आहे. ‘चेक अधिक काटेकोर केला’ एवढ्या संदेशामागे काय काय बदलले ते तीन महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. मला उपयोगी पडलेली युक्ती अशी: दोन आवृत्त्यांमधला कंपायलर-आरटीच्या टेस्टच्या फोल्डरचा फरक काढा, आणि नव्याने आलेल्या टेस्ट बाजूला ठेवून आधी बदललेल्या जुन्या टेस्ट पाहा. जुन्या टेस्टमध्ये अपेक्षित उत्तराची ओळ बदलावी लागली, याचा अर्थ वापरणाऱ्याला दिसणारे वर्तन बदलले. तिथे नोंद हवीच. आम्ही पुढे हा नियमच केला: जुन्या टेस्टची अपेक्षित ओळ बदलणारा कमिट नोट्समधल्या नोंदीशिवाय स्वीकारायचा नाही. सुरुवातीला कुरकुर झाली, दोन आवृत्त्यांनंतर सवय झाली.

तुमच्याकडे जीसीसीचेही वितरण असेल तर आणखी एका जागी पाहा. जीसीसी सॅनिटायझरचा रनटाइम स्वतः लिहीत नाही, एलएलव्हीएमकडून वेळोवेळी उचलतो. लिबसॅनिटायझरच्या फोल्डरमध्ये ‘मर्ज’ नावाची लहानशी फाइल आहे आणि तिच्यात कोणत्या कमिटपर्यंतचा कोड घेतला तो क्रमांक असतो. जीसीसीच्या इतिहासात तो एकच कमिट दिसतो, पण त्याच्या पोटात एलएलव्हीएममधले कित्येक महिन्यांचे काम असते. मागच्या आणि आताच्या क्रमांकामधला एलएलव्हीएमचा इतिहास वाचला तरच खरे बदल कळतात. स्टॅक-यूज-आफ्टर-रिटर्नचा डिफॉल्ट आधी एलएलव्हीएममध्ये बदलला आणि मग जीसीसीत दिसला.

मधल्या दुरुस्ती-आवृत्त्यांमध्ये सॅनिटायझरचे डिफॉल्ट बदलू नका. बदलणे भागच असेल तर ती एक नोंद त्या आवृत्तीच्या घोषणेत पहिली लिहा.

राहिला तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, की सॅनिटायझरनुसार मांडणी कुठेच करायची नाही का? करायची, पण एका आवृत्तीच्या नोट्समध्ये नाही. प्रत्यक्षात लोक दर आवृत्तीला बदलत नाहीत. जीसीसी ८ वरून एकदम १३ वर उडी मारणाऱ्या टीम मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना पाच कागद उघडून प्रत्येकातला एकेक तुकडा जोडावा लागतो. त्यांच्यासाठी एक वेगळे, वाढत जाणारे पान ठेवा. त्यात प्रत्येक सॅनिटायझरला स्वतःचा मथळा आणि त्याखाली आवृत्तीनुसार फक्त वर्तन बदलणाऱ्या नोंदी, नवीन वर आणि जुन्या खाली. मूळ नोंद जशीच्या तशी तिथे आणा, नव्याने लिहू नका, नाहीतर दोन ठिकाणचे शब्द वेगळे होतात. जुन्या आवृत्त्यांच्या नोट्स मात्र हलवू नका. त्यांचे दुवे लोकांच्या बग-नोंदींमध्ये आणि बिल्डच्या फाइलींमधल्या टिपांमध्ये अडकलेले असतात. नवी मांडणी पुढच्या आवृत्तीपासून सुरू करा, आणि वाढत्या पानात मागच्या तीन-चार आवृत्त्यांच्या नोंदी हाताने भरा. आमच्याकडे हे काम दोघांनी मिळून केले आणि त्याला साधारण आठवडा लागला.